सिंधुदुर्गचं ‘सधदरग’ का होतं? पायथनमधून मराठी नावांच्या फाइली करताना

एप्रिलचा दुसरा आठवडा. रोज रात्री आंब्याची गाडी वाशीकडे सुटत होती आणि मी दिवसभराच्या पट्ट्या, म्हणजे बागायतदारांना द्यायचे विक्रीचे हिशेब, पाठवून झोपलो होतो. सकाळी सहाला आबांचा फोन. “अरे झिला, ह्या सधदरग खंय इला? आनि माका सवत कित्याक म्हणतस?”

आबा म्हणजे आमच्या वाडीतले सावंत. त्यांच्या फोनवर गेलेल्या फाइलचं नाव होतं ‘पटट_सवत_दवगड_सधदरग’. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षरं फुटलेली. आतला हिशेब मात्र चोख: पेट्या, भाव, भाडं, हमाली, सगळं जागच्या जागी.

मराठी नावाची फाइल बिघडण्याचा हा माझा तिसरा हंगाम, आणि दरवेळी दुखणं निराळं. एक ठिगळ लावायचं, पुढच्या मार्चमध्ये दुसरीकडे उसवायचं. यंदा पाऊस लागला, बागेतली धावपळ थांबली, तेव्हा बसून सगळं उकललं. इंग्रजीत या विषयावर शोधलं तर उत्तरं ढिगाने मिळतात, पण ती जर्मन आणि फ्रेंच अक्षरांना पुरतात. आपल्या मात्रा, आपला ‘ऱ्य’ आणि आपला विसर्ग त्यांच्या हिशेबातच नसतो. म्हणून हे लिहितोय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पायथन वापरणाऱ्याला ओळखू येतील.

आमचं काम थोडक्यात असं. जामसंडे, तळेबाजार, मिठबाव, कुणकेश्वर अशा गावांतून पेट्या गोळा होऊन एक गाडी भरते. वाशीहून दलालाची एकत्र पट्टी आली की तिच्यातून प्रत्येक बागायतदाराची वेगळी पट्टी काढायची. एक्सेलमधून सीएसव्ही काढतो, पायथनची स्क्रिप्ट ती वाचते आणि माणशी एक फाइल करते. काम विंडोजच्या लॅपटॉपवर, रात्रीचा बॅकअप एका जुन्या लिनक्स मशीनवर.

“नावं इंग्रजीत ठेव ना, कटकट मिटली,” हा सल्ला मला दहा जणांनी दिला. मिटत नाही. एकाच आडनावाचं स्पेलिंग बँकेत एक, आधारवर दुसरं आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं असतं. आबांना फोनमध्ये आपली पट्टी शोधायची असते ती वाचून, आणि ते वाचतात मराठी.

आधी नावाचा तोंडावळा बघा

नाव बिघडलं की आपण तडक कोड उघडतो. मीही तेच करायचो. पण नाव कसं बिघडलंय हे नीट पाहिलं, तर कुठे बिघडलं ते निम्म्या वेळा तिथेच कळतं.

देवनागरीची मुख्य अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, यू प्लस ०९०० ते ०९७एफ या घरात राहतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलता. म्हणजे हे बाइट कुणी चुकीच्या तक्त्याने वाचले तर कचऱ्यातही एक ठेका दिसतो. विंडोजच्या १२५२ तक्त्याने वाचले तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए, त्यामागे चार टोकं फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग काहीतरी. परत तोच ए, परत वर्तुळ. डॉसच्या जुन्या ४३७ तक्त्याने वाचले तर ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन. अल्फा दिसला की मी स्क्रिप्ट उघडतच नाही, झिप फाइलकडे जातो. त्याबद्दल खाली.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ नाव गेलं. ते परत येणार नाही, मुळातून पुन्हा आणा. रिकामे चौकोन दिसले तर उलट काहीच बिघडलेलं नाही. त्या यंत्रावर फॉन्ट नाही, एवढंच. आणि इंग्रजी अक्षरांचा असा कचरा की ज्यात काही ठेकाच नाही, तर नाव बहुतेक डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टातून कॉपी होऊन आलंय. ते कधी युनिकोड नव्हतंच, त्याला कन्व्हर्टर लागतो, पायथनचा दोष नाही.

उरलेले तीन प्रकार जास्त छळतात, कारण त्यांत एरर येतेच असं नाही. मात्रा गळणं, डोळ्यांना एकच दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली होणं, आणि नाव बरोबर असून फाइल रिकामी निघणं.

एक साधं हत्यार हाताशी ठेवा. संशयित नाव पायथनच्या ‘ॲस्की’ नावाच्या फंक्शनला द्या. ते प्रत्येक चिन्हाचा क्रमांक उघडा करून दाखवतं. डोळे फसतात, क्रमांक फसत नाहीत. आणि ‘लेन’ने लांबी मोजा. ‘रत्नागिरी’ची लांबी ९ यायला हवी: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. ५ आली तर मात्रा कुणीतरी खाल्ल्यात.

मात्रा कोण खातं

आबांच्या पट्टीचा गुन्हेगार एकच ओळ होती. फाइलच्या नावात नको ती चिन्हं येऊ नयेत म्हणून मी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे चिन्हांचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने, नाव धुऊन घेत होतो: बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये जे बसत नाही ते सगळं काढून टाक. कुठल्या तरी उत्तरातून उचललेली ओळ. शंभर जणांनी उचलली असेल.

पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अंडरस्कोर आणि ‘इजॲलनम’ ज्याला हो म्हणेल ते. ते हो म्हणतं अक्षरांना आणि आकड्यांना. युनिकोडच्या वर्गवारीत आपला ‘क’ अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत. ती ‘मार्क’, म्हणजे अक्षराला लागणारी चिन्हं. त्यामुळे ती सगळी धुतली जातात. जर्मनच्या दोन टिंबवाल्या अक्षराला सहसा स्वतःचा एकसंध क्रमांक असतो, म्हणून ते वाचतं. इंग्रजी उत्तर लिहिणारा त्या अक्षराने तपासतो, चाललं म्हणतो आणि पुढे जातो.

परिणाम बघा. रत्नागिरीचं रतनगर, विजयदुर्गचं वजयदरग, कुणकेश्वरचं कणकशवर, वेंगुर्लेचं वगरल. हसू येतं, पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं. एका वाडीत कोळी आहेत आणि काळे आहेत. मात्रा काढल्या की दोघेही ‘कळ’. स्क्रिप्टने आधी कोळ्यांची पट्टी केली, मग त्याच नावावर काळ्यांची लिहिली. फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की जुनी फाइल न विचारता पुसली जाते. एरर नाही, सूचना नाही. कोळ्यांना चार दिवस पट्टीच गेली नाही आणि ते बिचारे समजत होते की दलालाने पैसे अडवलेत.

आणि हे आधी लक्षात का आलं नाही? कारण मी चाचणी घेतली ती ‘कदम’ आणि ‘परब’ या नावांवर. एकात मात्रा नाही, दुसऱ्यातही नाही!

दुरुस्ती करताना विचार उलटा करा. काय ठेवायचं याची यादी करू नका, काय काढायचं याची करा. विंडोजला नावात चालत नाहीत अशी दृश्य चिन्हं मोजून ९ आहेत: लहान-मोठं दाखवणारे दोन कंस, कोलन, दुहेरी अवतरण, पुढचा स्लॅश, बॅकस्लॅश, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि तारा. त्यांच्या जोडीला ० ते ३१ क्रमांकाची अदृश्य नियंत्रण-चिन्हं. एवढीच बदला, बाकीच्याला हात लावू नका. तुम्हाला ठेवायचीच यादी हवी असेल तर ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या ‘कॅटेगरी’ फंक्शनला विचारा आणि एल, एम, एन (अक्षरं, मार्क, आकडे) यांपैकी कशानेही सुरू होणारा वर्ग राहू द्या. यातला एम आपला. वेगळं बसवावं लागणारं ‘रेजेक्स’ नावाचं मॉड्यूल बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये मात्रा धरतं, तेही चालेल.

वेबसाइटवाल्यांसाठी जाता जाता: जँगो या पायथनच्या वेब-साधनातल्या ‘स्लगिफाय’ला युनिकोड चालू ठेव असं सांगितलं तरी आत हीच गाळणी आहे, मात्रा जातात. तशाच वर्कझॉइगचं ‘सिक्युअर फाइलनेम’ तर संपूर्ण देवनागरी उडवतं आणि रिकामं नाव हातात देतं. जावास्क्रिप्टच्या बॅकस्लॅश डब्ल्यूला देवनागरी दिसतच नाही.

दोन सवयी मी तेव्हापासून लावून घेतल्या. फाइल ‘डब्ल्यू’ऐवजी ‘एक्स’ मोडमध्ये उघडायची. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथन तिथेच थांबतं. आणि नावाच्या आधी खाते क्रमांक. नाव माणसासाठी, क्रमांक यंत्रासाठी. क्रमांक मात्र एकाच लिपीतल्या आकड्यांत ठेवा. पायथनचं ‘इंट’ मराठी १२ आणि इंग्रजी बारा दोन्ही सारखेच वाचतं, त्यामुळे हिशेबात फरक दिसत नाही. फाइलच्या नावात मात्र ती दोन वेगळी नावं असतात.

किनाऱ्यावरच्या दोन बागा

हा प्रकार शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

एका बागायतदाराच्या दोन बागा आहेत, ‘सड्यावरची’ आणि ‘किनाऱ्यावरची’. पट्टी बागेप्रमाणे वेगळी. मेच्या शेवटी पाहिलं तर ‘किनाऱ्यावरची’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी, आणि पेट्या दोघींत विभागलेल्या. विंडोज एका नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये ठेवू देत नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मग ह्या कशा?

लांबी मोजली. एका फाइलमधला ‘किनाऱ्या’ ८ चिन्हांचा, दुसरीतला ९ चिन्हांचा.

आपला हा अर्ध्या चंद्रासारखा र, ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘किनाऱ्या’ यांतला, युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, हलन्त, य; यातला ऱ हा यू प्लस ०९३१. दुसरी जुनी वाट म्हणजे साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह, यू प्लस २००डी, आणि मग य. दोन्ही युनिकोडला मान्य, दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या. कुणाचा कीबोर्ड एक पाठवतो, कुणाचा दुसरा. आमच्याकडे दुपारपर्यंत मी नोंदी करतो आणि संध्याकाळी वहिनी तिच्या फोनवरून. झालं.

तिसरी वाटही आहे. मे महिन्यात चाकरमानी आले, त्यांत चुलतभाऊ जुनं मॅकबुक घेऊन आला. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं फोडून साठवते: ऱ चा होतो साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच मानते, म्हणून नव्या मॅकवर हे जाणवत नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ असलं काही करत नाहीत. त्यांना क्रमांक वेगळे म्हणजे नाव वेगळं.

उपाय सांगताना सगळे एकच गोष्ट सांगतात: ‘युनिकोडडेटा’मधलं ‘नॉर्मलाइज’, पर्याय एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची समतुल्य रूपं एका साच्यात आणा. बरोबर आहे, पण अर्धंच. एनएफसी नुक्तावाला र आणि ऱ यांना एक करतं. झेडडब्ल्यूजेवाल्या वाटेला ते हात लावत नाही. एनएफकेसी वापरलं तरी नाही. युनिकोडच्या नियमानुसार ती दोन रूपं समतुल्य नाहीतच. मी या एका गैरसमजावर दोन रात्री घालवल्या. नॉर्मलाइज करूनसुद्धा फाइली दोन त्या दोनच. तिथे हाताने बदल करावा लागतो: ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हा क्रम दिसला की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घाला. हा बदल गाळणीच्या आधी व्हायला हवा. नाहीतर वर सांगितलेली एल-एम-एनची गाळणी झेडडब्ल्यूजे काढून टाकते, कारण ते चौथ्याच वर्गात आहे, आणि ‘किनाऱ्या’चं ‘किनार्या’ होतं.

असाच दुसरा चोर ‘ॲ’. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळाला, यू प्लस ०९७२. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र काढत, आणि अनेक कीबोर्ड अजून तेच पाठवतात. ही दोन रूपंसुद्धा एनएफसीला वेगळीच वाटतात. आमच्या फोल्डरमध्ये ‘ॲडव्हान्स’च्या दोन फाइली होत्या आणि उचल दोघींत वाटली गेली होती. ‘उचल’ हा चांगला मराठी शब्द सगळ्यांनी वापरला असता तर हा गुंता झालाच नसता, पण ते कोण ऐकतंय.

सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये बसवा: आधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा काढा, मग एनएफसी, मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजेचा बदल, मग अ-चंद्रचा ॲ, मग आकडे एका लिपीत, शेवटी ती ९ चिन्हं. फाइल करताना, शोधताना, तुलना करताना, नाव दरवेळी याच फंक्शनमधून जायला हवं. मी सुरुवातीला फक्त करतानाच वापरलं होतं आणि मग जुन्या फाइली सापडेनात.

नाव बरोबर, फाइल शून्य बाइट

याला दोन कारणं आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिलं नेहमीचं. पायथन ३ मध्ये विंडोजवर मराठी नावाची फाइल बनणं ही आता अडचण राहिलेली नाही. पण फाइलचं नाव आणि फाइलच्या आतला मजकूर यांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करायचा तक्ता, दोन वेगळ्या ठिकाणी ठरतं. ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते विंडोजच्या सेटिंगप्रमाणे चालतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर ते १२५२ असतं. त्यात देवनागरी नाही. मग होतं असं: फाइल बनते, नाव झकास मराठीत, आणि पहिली मराठी ओळ लिहायला गेलं की ‘चारमॅप’चं नाव घेणारी युनिकोड-एन्कोड-एरर. मागे राहते रिकामी फाइल. नाव मराठी आहे म्हणून मोडलं असं वाटतं. नावाचा काही दोष नसतो. ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ दरवेळी स्वतः लिहा. पायथन ३.१५ पासून तेच आपोआप धरायचं ठरलेलं आहे, पण तोपर्यंत हात झिजवा.

दुसरं कारण खास आपलं. विसर्ग टाइप करायला कंटाळा येतो म्हणून किंवा सापडत नाही म्हणून आपण कोलन ठोकतो. ‘पुन:पाठवणी’, ‘नि:शुल्क’, ‘अंत:करण’. छापील कागदावर कुणाला कळत नाही. पण एनटीएफएसमध्ये कोलनला अर्थ आहे: कोलनच्या आधी फाइलचं नाव आणि नंतर त्या फाइलला जोडलेल्या एका छुप्या प्रवाहाचं नाव. त्यामुळे ‘पुन:पाठवणी’ असं नाव दिलं की ‘पुन’ नावाची शून्य बाइटची फाइल बनते आणि सगळा मजकूर एक्सप्लोररमध्ये न दिसणाऱ्या प्रवाहात जाऊन बसतो. एरर नाही. परत गेलेल्या पेट्यांचा आमचा सगळा हिशेब असा अदृश्य झाला होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर’ला स्लॅश आर दिलं की हे प्रवाह दिसतात. आता माझं फंक्शन देवनागरी चिन्हाला चिकटून आलेल्या कोलनचा विसर्ग करून टाकतं, यू प्लस ०९०३.

याच कुळातलं एक छोटं: फोल्डरचं नाव ‘ता.’ किंवा ‘मु.पो.’ असं टिंबावर संपत असेल तर विंडोज ते शेवटचं टिंब गुपचूप काढून टाकतं. मग यादीत शोधायला गेलं की सापडत नाही. फोल्डरला टिंब नको.

हाताने चालवलं की चालतं, रात्री पडतं

स्क्रिप्ट समोर बसून चालवली की ठणठणीत. टास्क शेड्यूलरला रात्री अकराला लावली की पहिल्याच नावावर आडवी. फाइलही नाही. मी परवानग्या तपासल्या, पाथ तपासले, अँटिव्हायरसला शिव्या घातल्या.

दोष होता ‘प्रिंट’चा. ‘अमुकची पट्टी करतोय’ अशी ओळ मी प्रत्येक नावाआधी छापत होतो. पायथन ३.६ पासून विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी नीट छापता येतं, पण ते फक्त खिडकीत. रात्रीच्या बॅच फाइलमध्ये मी आउटपुट एका नोंद-फाइलकडे वळवलं होतं, आणि वळवलं की पायथन परत १२५२ वर जातं. पहिलंच मराठी नाव छापताना एरर, फाइल करायची ओळ येण्याआधीच खेळ खल्लास.

यावर उपाय सोपा. पर्यावरण-चलांमध्ये ‘पायथनयूटीएफ८’ नावाचं चल करून त्याची किंमत १ ठेवा, किंवा चालवताना ‘एक्स यूटीएफ८’ हा पर्याय द्या. ३.७ पासून चालतो. एररचा संदेश वाचताना ती कुठल्या ओळीवर आली ते बघा. ओळ ‘प्रिंट’ची असेल तर फाइलच्या नावामागे लागू नका.

लिनक्सवर क्रॉनमध्ये, म्हणजे तिथल्या शेड्यूलरमध्ये, याचीच बहीण भेटते. क्रॉन लॅंग, म्हणजे भाषा सांगणारं पर्यावरण-चल, सेट करत नाही, आणि ३.६ किंवा त्याआधीचं पायथन मग सगळं इंग्रजीपुरत्या ॲस्कीत समजतं. ३.७ मध्ये हे सुधारलं आहे. जुनं यंत्र असेल तर क्रॉनच्या ओळीआधी भाषा यूटीएफ-८ वाली द्या.

आधीच बिघडलेली नावं परत आणणं

तिरक्या रेघेचा ए आणि येन असलेला कचरा परत आणता येतो. आमच्याकडे तो पॉवरशेलच्या एका छोट्या स्क्रिप्टने केला होता. विंडोजसोबत येणारं ५.१ हे पॉवरशेल, स्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण, नसेल तर ती यूटीएफ-८ समजतच नाही, १२५२ समजून वाचतं. स्क्रिप्ट बीओएमसह सेव्ह केली की पुढचा त्रास थांबतो. पीएचपी ७.१ च्या आधीचं असेल तर विंडोजवर तिथेही हाच कचरा होतो.

झालेलं उलटवायचं तर नाव १२५२ मध्ये एन्कोड करा आणि यूटीएफ-८ ने डीकोड करा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मराठी नावावर ते बहुतेक वेळा अडतं, आणि अडतं नेमकं हलन्तावर. हलन्ताचे तीन बाइट ई०, ए५, ८डी. यातल्या ८डी ला १२५२ च्या तक्त्यात जागाच नाही. विंडोज तिथे त्याच क्रमांकाचं एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह बसवतं. पायथनचा काटेकोर तक्ता ते परत घ्यायला नकार देतो. ८१ वर संपणारा पहिला उकार, ९डी वर संपणारा झ, ८एफ चा ए, यांचीही तीच गत. म्हणून एक एक चिन्ह घ्या: क्रमांक २५६ च्या खाली असेल तर तोच क्रमांक सरळ बाइट म्हणून ठेवा, वर असेल तरच १२५२ ला विचारा. सगळे बाइट जोडून मग यूटीएफ-८. आमची सगळी नावं अशी जशीच्या तशी परत आली.

अल्फा आणि स्पॅनिश एन असेल तर झिप. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ आहे असं सांगणारा एक झेंडा असतो. झिप करणाऱ्याने तो लावला नाही तर पायथन ४३७ समजतं. पायथन ३.११ पासून ‘झिपफाइल’ला ‘मेटाडेटा एन्कोडिंग’ सांगता येतं. त्याआधीचं असेल तर ४३७ मध्ये एन्कोड, यूटीएफ-८ मध्ये डीकोड; इथे वरची अडचण येत नाही, ४३७ मध्ये प्रत्येक बाइटाला जागा आहे.

प्रश्नचिन्हं आली तर एक्सेल बघा. ‘सीएसव्ही’ असं नुसतं सेव्ह केलं की एक्सेल देवनागरीची प्रश्नचिन्हं करतं. विंडोजवर प्रश्नचिन्ह नावात चालत नाही, म्हणून ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’, क्रमांक २२ ची एरर येते. लिनक्सवर मात्र चालतं आणि पाच प्रश्नचिन्हांच्या नावाची फाइल खरंच बनते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा, आणि वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. नुसतं यूटीएफ-८ लिहिलं तर सुरुवातीचा बीओएम पहिल्या रकान्याला चिकटतो. शीर्षकाची ओळ नसेल तर तो थेट पहिल्या बागायतदाराच्या नावात जातो.

लिनक्सवर नाव लांब पडतं

विंडोजवर ठीक असलेल्या काही फाइली बॅकअपला जात नव्हत्या, ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून. एनटीएफएस नावात २५५ चिन्हं घेते, ईएक्सटी४ २५५ बाइट. देवनागरी ३ बाइटांची, म्हणजे लिनक्सवर आपल्या वाट्याला ८५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. बाग, वाडी, गाव, तालुका, जिल्हा, तारीख असं सगळं नावात कोंबलं की ८५ कधीच ओलांडतात. ईक्रिप्टएफएस या एन्क्रिप्शनखाली तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. कापायचं असेल तर यूटीएफ-८ बाइट मोजून कापा, आणि कापल्यावर शेवटी हलन्त उरला तर तोही काढा. तालुका आणि जिल्हा मी फोल्डरच्या नावात नेला. सगळेच सिंधुदुर्गातले, दर फाइलवर लिहून कुणाला सांगायचं होतं?

आता मार्चच्या आधी स्क्रिप्टला मी एकदा खोट्या नावांची यादी भरवतो. तिच्यात कोळी आणि काळे एकाच वाडीतले, ‘किनाऱ्यावरची’ तीन तऱ्हांनी लिहिलेली, ‘ॲडव्हान्स’ दोन तऱ्हांनी, ‘पुन:पाठवणी’ कोलनसकट, टिंबावर संपणारं एक फोल्डर आणि ९० चिन्हांचं एक लांबलचक नाव आहे. ती एकदा हाताने चालवायची, एकदा रात्री शेड्यूलरमधून, आणि तिसऱ्यांदा बॅकअपच्या मशीनवर. कदम आणि परब यादीत आहेत, पण शेवटी.